उलट प्रश्न विचारता येत नाही तेव्हा

डॉक्टर होऊ घातलेल्या माणसाच्या आयुष्यात एक मधला काळ असतो. शरीरातल्या घडामोडी त्याला कळू लागलेल्या असतात आणि त्या कळत नव्हत्या तेव्हाची आठवणही शाबूत असते. छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरून सगळे माना डोलावत होते आणि आपल्याला त्यात काळ्या-पांढऱ्या धुराखेरीज काही दिसत नव्हतं, ही फजिती अजून ताजी असते. पुढे ती विसरते. इतकी की समोर बसलेल्या पेशंटला नेमकं काय कळलेलं नाही, याचा अंदाजच येईनासा होतो. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी चालवलेले वैद्यकावरचे रेडिओ कार्यक्रम मला आवडतात ते या मधल्या काळामुळे. तिथे बोलणाऱ्याला थोडं माहीत असतं, आणि जे माहीत आहे ते कुठल्या वाटेनं डोक्यात शिरलं हेही आठवत असतं. मोठ्या तज्ज्ञाला ती वाट सांगता येत नाही. तो मुक्कामावरूनच बोलतो.

विद्यार्थी असताना मीही अशा एका कार्यक्रमाच्या टोळक्यात होतो. आता कधीमधी मुलंमुली स्क्रिप्ट दाखवायला आणतात, तेव्हा त्या निमित्तानं जुन्या गोष्टी नव्यानं विचारात येतात. त्यातल्याच काही इथे लिहितो आहे.

माईकसमोर पहिल्यांदा बसलेला विद्यार्थी व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, दिल्यासारखा बोलतो. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. आवाज चढा, वाक्यं लांबलचक, आणि दर दोन शब्दांमागे एक जडजंबाल संज्ञा. बिचाऱ्याचा दोष नसतो. बोलून दाखवण्याची त्याला माहीत असलेली एकमेव पद्धत तीच असते. पण व्हायव्हात ऐकणाऱ्याला उत्तर आधीपासून ठाऊक असतं. तुम्हाला ते येतं का, एवढंच त्याला बघायचं असतं. रेडिओवर ऐकणाऱ्याला उत्तर माहीत नसतं, आणि तुमचं ऐकत बसण्याचं त्याच्यावर बंधनही नसतं. परीक्षक कंटाळला तरी उठून जात नाही. श्रोता उठून जातो, आणि तो गेल्याचं तुम्हाला कळतही नाही. हेडफोनमध्ये फक्त आपलाच आवाज येत राहतो. वर्षानुवर्षं परीक्षेसाठी कमावलेली भाषा इथे कुचकामी ठरते, हा धक्का मला फार मोलाचा वाटतो. व्हायव्हात 'रिपोर्ट निगेटिव्ह आहे' म्हटलं की काम भागतं. रेडिओवर तेच म्हणून पुढे गेलात, तर ही बातमी चांगली की वाईट या घोळात निम्मे श्रोते मागेच राहतात.

साध्या बोलण्याचा धडा घ्यायचा तर रेडिओवरच्या डॉक्टरांमध्ये चार्ल्स हिल यांच्याकडे जावं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीवर सकाळच्या वेळी ते 'रेडिओ डॉक्टर' या नावानं बोलत. ब्रिटनमध्ये रेशनिंग होतं, लोक थकलेले होते, आणि हा माणूस पोट, वारा आणि बद्धकोष्ठ यांवर भारदस्त पण मिश्कील आवाजात गप्पा मारायचा. शौचाला साफ होण्यासाठी खायच्या प्रून्सना, म्हणजे सुकवलेल्या आलुबुखारांना, त्यानं 'काळ्या कोटातले कामगार' म्हटलं आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. गंमत अशी की हिल ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे पदाधिकारी होते आणि पुढे, १९६७ मध्ये, बीबीसीचेच अध्यक्ष झाले. म्हणजे माणूस चांगला वजनदार. पण रेडिओवर त्या काळी ते नाव न सांगता बोलत. डॉक्टरनं स्वतःची जाहिरात करू नये, हा व्यवसायाचा दंडक होता. श्रोत्याला नाव नाही, पदवी नाही, फक्त आवाज. विश्वास बसला तर त्या बोलण्यावरच बसायचा.

विद्यार्थ्यांना मी याच्या उलट सांगतो. तुम्ही नाव सांगा, आणि त्याहून आधी हे सांगा की तुम्ही विद्यार्थी आहात. हे दर भागात सांगा, कारण दर भागाला कुणीतरी नवा ऐकणारा असतो. पदवी हातात येण्याआधी 'डॉक्टर' हे बिरुद माईकवर लावण्याचा मोह होतो. निवेदनात ते छान वाजतंही. घरातले, शेजारचे तसंही पहिल्या वर्षापासून डॉक्टर म्हणू लागलेले असतात. तरी ते टाळावं. विद्यार्थी म्हणून बोलण्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. उलट त्या एका शब्दानं पाहुण्या तज्ज्ञाला 'हे मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?' असं विचारायची मुभा मिळते. कसलेला निवेदक हा प्रश्न विचारतो तेव्हा तो श्रोत्यासाठी अज्ञानाचं सोंग घेत असतो. विद्यार्थ्याला सोंग घ्यावं लागत नाही.

मधला काळ संपतो कसा, याचा एक पुरावा संशोधनातही आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधल्या होजात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांची सहवेदना त्यांनी वर्षानुवर्षं प्रश्नावलीनं मोजली होती. पहिली दोन वर्षं ती टिकून होती. तिसऱ्या वर्षी ती घसरली. तिसरं वर्ष म्हणजे तिथे विद्यार्थी पुस्तकं सोडून वॉर्डात उतरतो ते वर्ष. जिथे प्रत्यक्ष माणसं भेटू लागतात तिथेच माणुसकीला ओहोटी लागावी, हे वाचून मला वाईट वाटलं, नवल मात्र वाटलं नाही. रात्रपाळ्या, वरिष्ठांचा धाक, एकामागून एक खाटा. यात पेशंटचा 'तीन नंबरचा लिव्हर' होऊन जातो. रेडिओ कार्यक्रमामुळे ही घसरण थांबते असा दावा मी करणार नाही. माझ्यापुरतं एवढंच सांगतो: आठवड्याचा बराच वेळ 'केस' या शब्दात बोलणाऱ्या मला त्या एका संध्याकाळी 'माणूस' या शब्दात बोलावं लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी राउंडला त्याचा थोडा अंश शिल्लक असायचा.

आता एक अडचण. रेडिओची एक सवय डॉक्टरकीच्या मुळावर येणारी आहे.

रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. काही क्षण आवाज गेला नाही की प्रोड्यूसर काचेपलीकडून हातवारे करू लागतो. याला 'डेड एअर' म्हणतात आणि नव्या निवेदकाला त्याची दहशत असते. पाहुणा विचार करायला थांबला की हा लगेच पुढचा प्रश्न टाकतो, किंवा पाहुण्याचं वाक्य स्वतःच पुरं करतो. हीच सवय ओपीडीत काय करते ते बघा. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये डॉक्टर-पेशंट भेटींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेशंट आपली तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. १९९९ च्या एका अभ्यासात हा आकडा २३ सेकंद निघाला, आणि अलीकडच्या एका अभ्यासात तर मध्यक (म्हणजे सगळे आकडे ओळीनं लावले तर मधोमध येणारा) ११ सेकंदांवर आला. न तोडता बोलू दिलं तर पेशंट तासभर बोलत बसेल, ही भीती यामागे असते. स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात हे तपासून पाहिलं गेलं. पेशंट थांबेपर्यंत डॉक्टरांनी फक्त ऐकायचं, असं ठरलं होतं. २००२ मध्ये आलेला निष्कर्ष असा की पेशंट सरासरी ९२ सेकंदांत बोलून मोकळे होतात, आणि चारांपैकी तिघांहून अधिक जणांचं दोन मिनिटांत आटपतं.

म्हणून मी स्क्रिप्ट वाचताना, जिथे पाहुणा म्हणून एखादा जुना पेशंट येणार असेल तिथे, समासात 'थांबा' असं लिहून ठेवतो. मुलं म्हणतात, "सर, तिथे गॅप पडेल." पडू द्या. कर्करोगातून उठलेली बाई पहिल्यांदा निदान कळलं त्या दिवसाबद्दल बोलताना मध्येच थांबली, तर ती शांतता डेड एअर नव्हे. ध्वनिमुद्रित भाग असेल तर संपादनात असे थांबे कापायची फार हुक्की येते, कारण भाग आटोपशीर होतो. कापू नयेत. बाई नेमकी कुठे अडखळली, हे हिस्टरी घेणाऱ्यानं, म्हणजे पेशंटला विचारून दुखण्याची माहिती काढणाऱ्यानं, ऐकायला शिकलं पाहिजे. त्या अडखळण्यात पुष्कळदा निदान दडलेलं असतं.

ऐकण्याचाच विषय निघाला म्हणून. वैद्यकात कानाला मोठा मान आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक या डॉक्टरांनी एका तरुणीच्या छातीला थेट कान लावायला संकोच वाटला म्हणून कागदाची गुंडाळी केली, आणि त्यातून हृदयाचे ठोके कानानं ऐकण्यापेक्षा जास्त स्वच्छ ऐकू आले. स्टेथोस्कोपची सुरुवात ती. १८१९ मध्ये त्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. फुप्फुसाभोवती पाणी साठलं की विशिष्ट जागी पेशंटचा आवाज बोकडाच्या बेंबें-सारखा ऐकू येतो, अशीही त्यांची एक नोंद आहे. (हा बोकड लक्षात ठेवा, थोड्या वेळानं दुसरा येणार आहे.) एवढी कानाची परंपरा असून बहुतेक विद्यार्थी-कार्यक्रमांत आवाजाचा उपयोग काय, तर सुरुवातीची जिंगल! बाकी सगळं बोलणंच. चित्र दाखवता येत नाही म्हणून हळहळणाऱ्यांना मी विचारतो, दमेकऱ्याची सूं-सूं लेखात कशी ऐकवाल? लहान मुलाच्या स्वरयंत्राला सूज आली की खोकला कुत्रा भुंकल्यासारखा येतो. डांग्या खोकल्यात उबळ संपताना श्वास आत घेण्याची ती लांब शीळ येते. या दोन्ही गोष्टी पुस्तकात चार ओळींत असतात आणि वाचून काही म्हणता काही कळत नाही. एकदा ऐकल्या की जन्मभर विसरत नाहीत. मात्र त्यालाच जोडून हेही सांगायचं की अगदी तान्ह्या बाळाला डांग्या खोकल्यात ती शीळ येईलच असं नाही. त्याचा श्वासच मध्ये थांबू शकतो. नाहीतर आई शिळेची वाट बघत बसायची.

आणि ठेका. अचानक कोसळलेल्या, श्वास थांबलेल्या प्रौढ माणसाच्या छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीनं, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचे असतात. '१०० ते १२०' हा आकडा वाचून कुणाच्या हाताला काही समजणार नाही. रेडिओवर त्या गतीचा ठेका मिनिटभर नुसता वाजवला आणि श्रोत्यांना उशीवर दाब द्यायला सांगितलं की समजतं. मिनिटभरात दंड भरून येतात, हेही समजतं. म्हणजे मदतीला दुसरा माणूस का हवा, ते वेगळं सांगावं लागत नाही. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांतून मी ऐकलेला सर्वांत उपयोगी भाग असाच होता. त्यात एकाही तज्ज्ञाची मुलाखत नव्हती.

बोकडाकडे येऊ. जॉन ब्रिंकली हा अमेरिकेतला माणूस, कॅन्ससमधल्या मिलफर्ड या लहानशा गावात दवाखाना चालवायचा. पुरुषांचं गेलेलं पौरुष परत आणतो असं सांगून तो त्यांच्यात बोकडाच्या वृषणाचे तुकडे बसवायचा आणि त्यासाठी भक्कम पैसे घ्यायचा. १९२३ मध्ये त्यानं स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं, केएफकेबी. तिथे त्याचा एक कार्यक्रम असे: श्रोत्यांनी आपल्या दुखण्याची पत्रं पाठवायची, हा ती रेडिओवर वाचायचा आणि तिथल्या तिथे औषध सांगायचा. औषधांना नाव नसायचं, नंबर असायचे. अमुक बाईंनी अमुक नंबरची बाटली घ्यावी, तमुक गृहस्थांनी दोन नंबर मिळून घ्यावेत. बाटल्या ठरलेल्या दुकानदारांकडेच मिळायच्या आणि विक्रीतला वाटा ब्रिंकलीकडे यायचा. माणूस बोलायला गोड, स्टेशन कमालीचं लोकप्रिय. १९३० मध्ये कॅन्ससच्या वैद्यक मंडळानं त्याचा परवाना काढून घेतला. त्याच वर्षी फेडरल रेडिओ कमिशननं स्टेशनच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. तो कोर्टात गेला आणि हरला. मग सीमा ओलांडून मेक्सिकोतून त्यानं आणखी जबरदस्त ताकदीचं स्टेशन सुरू केलं, ही त्याची जिद्द!

आता याच काळात ऑस्ट्रेलियात काय चाललं होतं ते पाहा. १९२८ मध्ये जॉन फ्लिन यांच्या खटपटीतून क्लॉनकरी इथून विमानानं फिरणाऱ्या डॉक्टरची सेवा सुरू झाली. माणसं शेकडो मैलांवर विखुरलेली, वीज नाही, टेलिफोन नाही. १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायडल मारून चालवायचा बिनतारी संच तयार केला, आणि दूरच्या गोठ्या-वाड्यांवरची माणसं डॉक्टरशी बोलू लागली. पुढे त्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. त्यांतल्या औषधांनाही नंबर होते! डॉक्टर रेडिओवरून सांगायचा, अमुक नंबरची गोळी द्या. तिकडे १९३५ पासून रोममधल्या केंद्रातून डॉक्टर ग्वीदो ग्वीदा यांची मंडळी भर समुद्रातल्या जहाजांना बिनतारी यंत्रावरून वैद्यकीय सल्ला देत होती, तोही फुकट.

दोन्हीकडे रेडिओ, दोन्हीकडे न बघितलेला पेशंट, दोन्हीकडे नंबरांची औषधं. एक भोंदूगिरी आणि दुसरं वैद्यकातलं एक थोर काम. पैशाची हाव हा फरक आहेच, पण समजा ब्रिंकली निर्लोभी असता, तरी त्याचा कार्यक्रम घातकच ठरला असता. फ्लिनच्या डॉक्टरला उलट प्रश्न विचारता येत होते. दुखतं कुठे? कधीपासून? उलटी झाली का? पोट दाबून बघा, कडक लागतं का? अर्ध्या तासानं पुन्हा बोला. ब्रिंकलीकडे पत्र यायचं आणि उत्तर जायचं. मधे काही नव्हतं. सगळी हिस्टरी म्हणजे मुळात उलट प्रश्नच असतात. पेशंट 'पोटात दुखतं' म्हणतो, आणि पुढची पाच मिनिटं आपण जे विचारतो त्यावर आम्लपित्त की अपेंडिक्स की हृदयविकाराचा झटका हे ठरतं.

विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला प्रश्न येतातच. पहिल्या काही आठवड्यांत ते 'तुमचा अभ्यास कसा असतो' छापाचे असतात, मग हळूहळू खरे प्रश्न येऊ लागतात. 'बीपी नॉर्मल आलं आहे, गोळी बंद केली तर चालेल का?' 'आईला रात्री पाय दुखतात, कुठली गोळी द्यावी?' उत्तर देण्याची ऊर्मी दाबणं फार अवघड असतं, कारण उत्तराचा काही भाग खरोखरच येत असतो. एरवी वॉर्डात कुणी विचारत नाही. इथे एक अनोळखी माणूस विश्वासानं विचारतो आहे. बहुतेक कार्यक्रम यावर एक तयार वाक्य वापरतात: 'आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.' मला या वाक्याचा राग आहे. ते खोटं नाही, पण हात झटकणारं आहे. ज्याला डॉक्टर सहज मिळतो तो रेडिओला कशाला विचारेल?

यातून निघणारी वाट अशी, आणि ती शोधून काढली ती आमच्यातल्या एका मुलीनं. पत्राला उत्तर द्यायचं नाही. त्या पत्रावर डॉक्टर कुठले उलट प्रश्न विचारेल आणि का विचारेल, ते माईकवर सांगायचं. आईचे पाय दुखतात? दोन्ही की एकच? एकाच पोटरीला सूज आणि उष्णता असेल तर हे दुखणं आजच्या आज डॉक्टरला दाखवायचं आहे, कारण शिरेत गुठळी असू शकते. चालल्यावर दुखतं आणि थांबलं की थांबतं? मग रक्तपुरवठा तपासावा लागेल. रात्री बधिरपणा, मुंग्या? साखर तपासली आहे का? बीपीच्या गोळीचंही तसंच. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे आला का, हा पहिला प्रश्न. असं दहा मिनिटं ऐकलेला माणूस डॉक्टरकडे जाताना निम्मी हिस्टरी तयार करून जातो. श्रोत्याला औषध मिळालं नाही, पण आपल्या दुखण्याकडे बघायची एक रीत मिळाली. बरं, बोलणाऱ्या विद्यार्थ्याची परीक्षेची तयारी झाली ती वेगळीच. पुस्तकात निदानावरून लक्षणांकडे जातात; पत्र आलं की लक्षणावरून निघावं लागतं.

आकड्यांबद्दल थोडं, कारण विद्यार्थ्यांना आकडे फार प्रिय असतात. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे तेव्हा नव्या असलेल्या, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांत गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. बातम्यांमधून ते 'दुप्पट' गेलं आणि असंख्य बायकांनी गोळ्या सोडल्या. मूळ आकडा असा होता: दर ७,००० स्त्रियांमागे एकीच्या जागी दोघी. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. आणि गुठळीचा धोका गरोदरपणात या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्या भीतीनं गोळी सोडली, तीच भीती वाढवून घेतली. त्या दिवशी कुणी खोटं बोललं नव्हतं. 'दुप्पट' हे शंभर टक्के खरं होतं, आणि ऐकायला चटकदारही. छापील मजकुरात माणूस मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. रेडिओवरचा शब्द कानावरून गेला की गेला, आणि मागे राहतो तो चटकदार शब्द. स्क्रिप्टमध्ये 'दुप्पट', 'निम्मा', 'पन्नास टक्क्यांनी कमी' असं काही दिसलं की मी एवढंच विचारतो: किती जणांमागे किती?

पेशंटच्या गोष्टींचं काय करायचं, हा प्रश्न मला अजूनही पुरता सुटलेला नाही. वॉर्डातल्या गोष्टी हाच तर विद्यार्थ्यांकडचा खजिना. नाव बदलून सांगू, असं मुलं म्हणतात. लातान्या स्वीनी या संशोधिकेनं २००० मध्ये दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं नेमकी कोण ते ओळखता येईल. हे कागदावरच्या माहितीचं झालं. रेडिओवर 'परवा रात्री आलेले, लग्नाच्या वरातीत पडलेले गृहस्थ' एवढं म्हटलं तरी त्यांच्या सगळ्या गोतावळ्याला कळणार. परवानगी घ्या हे उत्तर बरोबर आहे, पण खाटेवर पडलेला माणूस पांढऱ्या कोटातल्या मुलाला 'नाही' म्हणू शकतो का? म्हणून परवानगी घरी गेल्यावर, बरं वाटल्यावर मागावी, आणि प्रसारणाआधी त्याला ऐकवावी. निम्म्या गोष्टी यात गळतात. गळू देत.

आत्महत्येवरचा भाग करायचा असेल तर मी आधी व्हिएन्नाचं उदाहरण वाचायला देतो. तिथल्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या १९८७ मध्ये आखून दिलेल्या सूचनांनंतर थांबल्या आणि त्या आत्महत्या तीन-चतुर्थांशांहून अधिक घटल्या. पद्धत सांगायची नाही, जागा सांगायची नाही, कारण एका वाक्यात बसवायचं नाही, आणि मदत कुठे मिळेल ते सांगायचं. यात विद्यार्थ्यांना कल्पकता दाखवायला वाव नाही. असूही नये.

शेवटी जुन्या भागांचा प्रश्न. पूर्वी रेडिओवर बोललेलं हवेत विरून जायचं. आता भाग साठवलेले राहतात आणि शोधणाऱ्याला सापडतात. बॅच बाहेर पडते, इंटर्नशिप संपते, कुणी भूलतज्ज्ञ होतं, कुणी परदेशी जातं, आणि त्यांचा विशीतला आवाज ठामपणे सल्ला देतच राहतो. दरम्यान वैद्यकाचं मत बदललेलं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००० मध्ये सांगितलं होतं की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. २०१५ मध्ये 'लीप' हा अभ्यास आला: धोका असलेल्या बाळांना लहानपणापासूनच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, तर पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघालं. (किती जणांमागे किती? टाळणाऱ्यांत १०० पैकी साधारण १७, खाणाऱ्यांत ३.) सल्ला पुरता उलटा झाला.

पूर्वीच्या एका बॅचच्या भागात तो जुना सल्ला होता. त्या वेळी तो बरोबरच होता. हल्लीच्या मुलामुलींमध्ये यावरून चांगलाच वाद झाला. काहींचं म्हणणं, भाग काढून टाका. काहींचं, सुरुवातीला तारीख जोडा आणि असू द्या. शेवटी त्यांनी जुन्या भागातला तो तुकडा नव्या भागात वाजवला, मग नवा अभ्यास सांगितला, आणि मधल्या वर्षांत काय घडलं ते त्याच बालरोगतज्ज्ञ बाईंकडून वदवून घेतलं, ज्या जुन्या भागातही पाहुण्या होत्या. बाई मोकळेपणानं बोलल्या. त्यानंतर एका श्रोत्याचं रागाचं पत्र आलं: तुम्ही डॉक्टर लोक एकदाचं काय ते नक्की ठरवा, आम्ही मुलांना द्यायचं तरी काय? मुलांनी ते पत्र फलकावर टाचलं आहे आणि त्याखाली उलट प्रश्नांची यादी सुरू केली आहे. पहिला प्रश्न: बाळ केवढं आहे? दुसरा: अंगावर इसब आहे का, अंड्याची ॲलर्जी आहे का? त्यावर पुढचा भाग करायचं ठरतं आहे. त्या बाईंची तारीख मिळायची आहे.